राहीच्या काळजाची पहिली रेघ

मु. वाघखार, जिल्हा कुलाबा
शनिवार, २२ जून १९५७

भागोजी,

आशीर्वाद धर आणि पुढं वाच. हे पत्र राहीच्या तोंडचं नाही, माझं आहे. आजवर तुझी बायको सांगायची आणि मी उतरवायची, कारण या घरात दोन यत्ता शिकलेली मी एकटीच. तुझी पत्रं यायची ती पण मीच तिला वाचून दाखवायची. शेवटी तू लिहितोस, 'घरात सर्वांस नमस्कार.' सर्वांस म्हणजे कोणाला रे? मला आणि म्हशीला?

माझगावात खोली घेतो, राहीला तिकडं ठेवतो, असं तू म्हणालास. मी नको म्हटलं. त्यावरनं तू पाया न पडता गेलास तो गेलासच. मी अजून नकोच म्हणते. नवरा बोटीच्या पोटात कोळसा ओढणार आणि बायको रिकाम्या खोलीत भिंतीशी बोलणार. असो. भांडायला लिहीत नाही.

मुंबईहून कोंडाजीचा निरोप आला होता. बोट मुंबईला लागल्याशिवाय तुला पत्रं मिळत नाहीत, गावकऱ्यांच्या खोलीत त्याच्या फळीवर साचतात म्हणे. म्हणजे तू सगळी एकदम वाचशील. तर हे आधी वाच. शेवटचं आधी फोडू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

इकडं तापाची साथ आली आहे. मुंबईहून आलेल्या माणसांनी आणली. पेपरात फ्लू म्हणतात. मला आला, मी चुलीपुढं उभी राहून काढला. मग राहीला आला. तिचा वेगळाच. ओठ जांभळे पडले, छाती भात्यासारखी. शेजारच्या नीराबाईची बैलगाडी जोडून तालुक्याच्या इस्पितळात नेली.

तिथं साथीसाठी मुंबईहून डॉक्टर आला आहे, तुझ्याच वयाचा. येताना एक यंत्र घेऊन आला आहे, ट्रंकेएवढं. हातापायांना पट्टे बांधतात, वायरी जोडतात, आणि कागदाच्या पट्टीवर काळजाची रेघ निघते. दुखत खुपत नाही. ज्याला ज्याला धाप लागते त्याची रेघ काढत होते. व्हरांड्यात बायका आणि पुरुष, मधे एक पडदा, आणि ती एक नर्स सगळ्यांना पुरी पडत नव्हती.

राहीजवळ आली आणि म्हणाली, "हातातल्या काढा. पट्टा बसत नाही."

राहीच्या हातात वटपौर्णिमेला भरलेला चुडा होता, मनगटापासून पार कोपराशी. मी म्हटलं, "काढायच्या न्हाईत."

"अहो बाई, फोडत नाही मी. काढून तुमच्या पदरात देते."

"नवरा दर्यात हाय तिचा. दर्यातल्या मानसाच्या बायकोचं हात उघडं करतात व्हय?"

"मग रेघ निघायची नाही."

"नको निघू दे."

नर्स पुढच्या खाटेकडं गेली. राहीलाही नकोच होतं. धापेनं बोलता येत नव्हतं, पण मला कळतं ना. त्या ओढाताणीत दोन बांगड्या वाढवल्या, त्या मी घरी आल्याबरोबर भरल्या. हात पुरे आहेत तिचे. तू काळजी करू नकोस.

आणि रेघ काढली नाही ते बरंच झालं. पडद्यापलीकडं बुधाजी म्हणून मिठागरावरचा एक माणूस होता. त्याची काढली. डॉक्टरनं कागद बघितला आणि त्याला सांगितलं, "बुधाजी, खाटेवरून उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. भांडं मिळेल."

बुधाजी हसला. "ताप उतारला माजा, डाक्टर. आता बायामानसांत भांड्यात करू? कुकुलं बाळ हाय का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, पडद्यापर्यंत आला आणि पडदा धरून खाली बसला. पडदा तुटून त्याच्या अंगावर आला. बाजूला केला तो मीच. डोळे उघडे, चेहरा असा, की काहीतरी विचारायचं राहून गेलंय. नीराबाई म्हणाली, "यंत्रानं वढला गं त्याला. काळजाची रेघ भायेर काढली, मंग आत काय रायलं?" मी असलं मानत नाही. पण मानत नाही म्हटलं तरी अंगावर काटा आलाच.

राहीचा ताप गेला. घरी आणली आहे.

तुझी आई

*

रविवार, ७ जुलै १९५७

भागोजी,

भाताची आवणी जोरात आहे. या वर्षी घरोघर माणसं तापातून उठलेली, म्हणून सावड मोडेल असं वाटलं होतं, पण मोडली नाही. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. आपल्या घरातनं दोन बाया गेल्या तर आपल्या खाचरात दोन बाया येणार. एकच गेली तर एकच येणार. हे तुला सांगायला नको. बोटीवर गेलास म्हणून चिखल विसरला नसशील.

राही येते. मी बळजबरी केलेली नाही. सकाळी म्हणाली, "आत्याबाई, आज घरी ऱ्हाऊ का?"

मी म्हटलं, "बघ तुजं."

माझ्या तोंडचं 'बघ तुजं' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, आणि तिलाही. उठली आणि पावसाचं इरलं डोक्यावर घेतलं. माझं म्हणणं एवढंच, की ताप गेला म्हणजे दुखणं गेलं. पडून राहिलं की अंगात पाणी भरतं. हललं की रक्त हलतं. माझी सासू बाळंतपणातनं मला अशीच उठवायची, मी मेले नाही.

पण हात चालत नाही तिचा. एक रोप लावते आणि थांबते. नीराबाई ओरडली, "राहीबाय, रोप लावतेस का देवाला फूल वाहतेस?" बाया हसल्या. राही पण हसली, मग कमरेला धरून बांधावर बसली. मी म्हटलं, "बसायला आली का हितं?" परत उतरली. पाय सुजतात म्हणते, जोडवी रुततात. चिखलात सगळ्यांचेच सुजतात.

एक सांगते, हसू नकोस. वाकून लावणी करताना मला वाटतं मागं कोणी उभं आहे. वळून बघते तर बांधावर कोणीतरी डोक्यापासून पांघरून उभा, बुधाजी पडद्यात गुंडाळला गेला होता तसा. काल तर मी चिखल तुडवत तिथपर्यंत गेले. काठीवर ठेवलेलं इरलं निघालं. मी ते आडवं टाकलं. थोड्या वेळानं बघितलं तर पुन्हा उभं. नीराबाईनं उचलून ठेवलं असेल. विचारलं नाही मी तिला. नाही म्हणाली असती तर काय करणार होते?

आपल्या खाचराची पाळी परवा.

आई

*

शुक्रवार, १९ जुलै १९५७

भागोजी,

राही पडली. आपल्याच खाचरात, आपल्या पाळीच्या दिवशी. हातात रोपांची मूठ तशीच. तोंड चिखलात गेलं होतं, मी केस धरून वर काढलं. श्वास होता. डोळे असे वर. चौघींनी उचलून गाडीत घातली. वाटेनं मी तिला शिव्या घातल्या. उठ म्हटलं, नाटकं करू नकोस म्हटलं. मला दुसरं काही बोलता येईना.

इस्पितळात तोच डॉक्टर, तीच नर्स. यंत्र आणलं. मी आपण होऊन म्हटलं, "काढा बांगड्या. सगळ्या काढा."

डॉक्टर म्हणाला, "कशाला? दंडाला बांधा की पट्टा. रेघेला काही फरक पडत नाही."

भागोजी, दंडाला. बांगड्यांच्या वर दंड असतो, तिथं बांधायचा. नर्सनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिला वेळ नव्हता आणि मी विचारलं नव्हतं. डॉक्टरला कोणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "बाई, मला हाक मारली असती तर त्याच दिवशी काढला असता कार्डिओग्राम." राही डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती.

कागद निघाला. त्यानं मला रेघ दाखवली. मला काय कळणार होतं, पण त्यानं बोट ठेवून दाखवली. "ही लाट वर यायला हवी, ती उलटी खाली पडली आहे. आणि इथं बघा, ठोका चुकतो. फ्लू फुप्फुसातून गेला, पण जाताना हृदयाच्या स्नायूला सूज ठेवून गेला. ताप उतरला म्हणजे हे उतरलं असं नसतं."

मी म्हटलं, "जगंल का ते सांगा."

"काही जण पूर्ण बरे होतात. काहींचं हृदय कायमचं अधू राहतं. काही जातात, आणि एकदम जातात. हिचं काय, ते पहिला कागद असता तर जरा सांगता आलं असतं. लांबून माणूस दिसला, तर एकदा बघून तो येतोय की जातोय ते कळतं का? दुसऱ्यांदा बघावं लागतं. माझ्याकडे एकच आहे."

तो पुढं म्हणाला, "आणि पहिल्या दिवशी दिसलं असतं तर मी हिला उठूच दिलं नसतं."

तेव्हा मला बुधाजी आठवला. विचारलं, "त्याला यंत्रानं न्हाई मारला?"

"यंत्र कशाला मारेल? त्याची रेघ वाईट होती म्हणून तर उठू नको म्हटलं. तो उठला."

तो स्वतः उठला. राहीला मी उठवली.

आता तिला बसू देत नाहीत. भांडं मीच देते, मीच धुते. माझ्याशी बोलत नाही. पाणी मागताना सुद्धा नर्सला हाक मारते.

आई

*

गुरुवार, १ ऑगस्ट १९५७, नागपंचमी

भागोजी,

राहीला घरी आणली आहे, आडवी, तशीच गाडीत निजवून. डॉक्टरनं दुसरी रेघ काढली. पहिलीसारखीच, म्हणाला, चांगली नाही आणि वाईटही नाही. अजून एक काढायची आहे. तोवर पायरी चढायची नाही, घागर उचलायची नाही, मोठ्यानं रडायचं पण नाही. रडतेय कुठं ती? ती आढ्याकडं बघत असते.

आज सकाळी कासार आला. पंचमीला बांगड्या भरायला अंगणात बाया जमल्या. कासार म्हणाला, "सूनबायचा हात आना हिकडं, हिरव्या गार आनल्यात."

राही ओटीवर निजली होती. तिनं हात बाहेर काढला, पण पुढं केला नाही. एक एक बांगडी सरकवून काढायला लागली. घाई नाही, काही नाही. काढायची आणि उशाशी ठेवायची. दोन्ही हात उघडे केले.

नीराबाई ओरडली, "अगो नवरा दर्यात हाय तुजा! ठमाबाय, सासू ना तू, बगत काय बसलीस? धर तिचा हात!"

मी म्हटलं, "नीरे, घरला जा."

"अगो पन..."

"घरला जा म्हनते ना."

गेली. सगळ्या गेल्या. कासार टोपली उचलून गेला. राहीनं माझ्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं. मग कुशीवर वळली.

आता तुला एक सांगते. तुझ्या बापाची गोष्ट तुला ठाऊक आहे तेवढी अर्धीच आहे. तो कौलांचा मचवा घेऊन हरिहरेश्वराकडं गेला होता. मागं कासार आला, माझ्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या म्हणून सगळ्या उतरवल्या, आणि माझ्या मापाच्या त्याच्याकडं निघाल्या नाहीत. शेजारच्या गावातून आणतो म्हणून गेला. दिवेलागणीपर्यंत माझे हात उघडे. मग दोन दिवसांनी मचवा बुडाल्याची खबर आली. सासूबाई म्हणाल्या, "हात उघडं टाकलंस, माजा ल्योक बुडवलास." मरेपर्यंत म्हणायच्या. जेवायला वाढताना म्हणायच्या. मी उलट बोलले नाही, कारण मलाही तेच वाटायचं. म्हणून त्या दिवशी नर्सनं बांगड्या काढा म्हटल्यावर मला राही दिसलीच नाही. तू दिसलास, पाण्यात.

आज कासार गेल्यावर मी ओटीवर बसून होते. आणि आठवलं. खबर घेऊन आलेला खलाशी म्हणाला होता, मचवा सोमवारी सकाळीच बुडाला. सण सोडला तर कासार आपल्या गावात मंगळवारीच येतो. तेव्हाही मंगळवारीच आला होता. म्हणजे कासारानं माझ्या हाताला हात लावला तेव्हा तुझा बाप आदल्या दिवशीच गेलेला होता. या दोन्ही गोष्टी मला इतकी वर्षं पाठ आहेत. एकदाही शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. कोणी बघितल्या नाहीत.

सासूबाई आता कुठं भेटणार सांगायला.

आई

*

बुधवार, १४ ऑगस्ट १९५७

भागोजी,

कोंडाजीचं कार्ड आलं. तुझी बोट एडनहून निघाली, तू खुशाल आहेस. मी ते राहीला वाचून दाखवलं. तिनं स्वतःच्या उघड्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

तिसरी रेघ काढली. डॉक्टरनं दोन कागद शेजारी शेजारी धरले. उलटी पडलेली लाट थोडी वर यायला लागली आहे. मला पण दिसली. "येतोय," असं म्हणाला, "पण अजून लांब आहे." मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायचं, पुढले कित्येक महिने दाखवत राहायचं. तिथं दाखवायची चिठ्ठी दिली आहे. जिना नाही. ओझं नाही. मूल एवढ्यात नाही, हे तुला सांगायला मला सांगितलं आहे, तर सांगितलं.

नारळी पौर्णिमा झाली. मांडव्याहून मुंबईची लाँच सुरू झाली. कोंडाजीनं तळमजल्याची खोली बघून ठेवली आहे, त्याची बायको मनुबाई दोन वेळ डबा देईल. माझगावची खोली. होय, तीच ती. जास्त बोलू नकोस.

हे पत्र मी इथंच संपवणार होते. पण राही म्हणाली, "माजं पन लिवा." म्हणून आता तिच्या तोंडचं. ती सांगते तसं उतरवते, एकही गोष्ट इकडची तिकडं न करता.

"मी बरी आहे. उभी राहिले की डोळ्यापुढं काजवे येतात. भात नको वाटतो, पेज जाते. तुम्ही आलात की मला बाहेर बसवा, आत कोंडून ठेवू नका.

"दुसरं लिहा. नर्स आली तेव्हा मला रेघ काढून हवी होती. मला मरायचं नव्हतं. मी बांगड्या काढायला लागले होते. दोन काढल्या. तुमच्या आईनं हात धरला आणि त्या फुटल्या. मनगटात काच गेली, त्याचा वण आहे. मी नको म्हटलं नाही."

इथं माझा हात थांबला. राही म्हणाली, "का थांबलात? येत न्हाई लिवायला?"

मी म्हटलं, "येतंय."

"मंग लिवा. मला वाचता येत न्हाई, पन तुमचा हात थांबल्याला दिसतो."

लिहिलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तिलाही नको होतं. ते खोटं आहे. त्यावर रेघ मारायला ते आता माझ्याकडं नाही, कोंडाजीच्या फळीवर आहे. तू मार.

मी विचारलं, "आनकी काय लिवू?"

ती म्हणाली, "लिवा, आत्याबाई लाँचपतुर येतील. फुडं न्हाई."

मी म्हटलं, "एकली जाशील? बोट लागेपर्यंत कोण हाय तिकडं तुला?"

"मनुबाय हाय. आनि हितं कोन होतं?"

लिहिलं. लाँचपर्यंत येईन. उद्या जाणार आहे. गाडीत पेंढा जाड घातला आहे, गचके बसू नयेत म्हणून. कोंडाजीला कळवलं आहे, धक्क्यावर खुर्ची घेऊन दोन माणसं येतील आणि तिला बसवून नेतील. तिनं चालते म्हटलं तरी ऐकायचं नाही असं बजावलं आहे. ती हट्टी आहे. हसून म्हणेल, ताप कधीच उतरलाय.

तू हे वाचशील तेव्हा राही तुझ्यासमोर असेल. मोठ्यानं वाच तिला, सगळी, पहिल्यापासून. माझं चुकलेलं गाळू नकोस. मी समोर नसेन म्हणून तिला नीट ऐकता येईल.

आणखी एक. ती झोपली की मी जवळ जाते. छातीला कान लावला तर जागी होते. पाठीला लावायचा, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली. आधी चार ठोके नीट पडतात, मग एक राहून जातो. तिथं तुझाही श्वास राहील, राहू दे. पुढचा येतो. काल आला, आज दुपारी पण आला. रोज ऐकत जा. ती जागी असताना मला जवळ येऊ देत नाही. तुला देईल.

आई